फुकटचा वजीर

घोडा अडीच घरं जातो.

अनारशाचं पीठ देवासला मुरायला ठेवलेलं आहे.

'काळ्याने इथे वजीर देऊ केला. पांढऱ्याने तो घेतला असता तर डाव तिथेच संपला असता.'

धारहून देवासला जाताना इंदूरला बस बदलावी लागते, आणि इंदूरला बस बदलणं हा एक वेगळा प्रवास आहे.

अधिक महिन्यात जावई म्हणजे विष्णू. बाकीच्या महिन्यांत नुसता जावई.

चिऊने शिकायला लागल्यापासून अजून एकही सोंगटी मारलेली नाही.

मांडणी

यातली चिऊ म्हणजे मयुरेशची मुलगी, वय सात. मयुरेश तिरल्याच्या सरकारी शाळेत गणित शिकवतो, राहतो धारला, आणि बायको केली देवासची. साधा माणूस. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. टाळेबंदीच्या वर्षी सगळ्यांनीच काही ना काही शिकून घेतलं, कुणी केक केले, कुणी घरातल्यांचे केस कापले. तसं याने ग्रँडमास्टरांचे डाव बघायला घेतले. इतरांचं खूळ टाळेबंदीबरोबर उतरलं. याचं चढलं.

रोज एक डाव. आधी मोबाइलवर बघायचा, मग पटावर मांडायचा, मग मोबाइल पालथा घालून आठवायचा. कुठल्या गावी कुणी हत्ती दिला आणि का दिला, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. या सगळ्या डावांतून त्याने एकच सार काढलं होतं. मोठा खेळाडू विसरत नाही. त्याने काही उघड्यावर ठेवलं असेल तर ते आमिष असतं. घेतलंत की संपलात.

हे सार हळूहळू पटाबाहेर सांडायला लागलं. धारच्या बाजारात भाजीवालीने मेथीवर चार काड्या कोथिंबीर फुकट टाकली, तर हा घरी येऊन मेथीची जुडी सोडून बघायचा. मोठ्या साहेबांनी शाळेत येऊन काम चांगलं आहे म्हटलं, तर हा आठवडाभर तपासलेल्या वह्या परत तपासत बसायचा.

आणि तो हरायचा. सगळ्यांशी. तिरल्याच्या शाळेत अंशुल नावाचा खेळाचा मास्तर आहे, त्याने बुद्धिबळ वसतिगृहात शिकून घेतलेलं. तो मधल्या सुट्टीत एका हाताने पोहे खात दुसऱ्या हाताने खेळतो. एकदा त्याचा हत्ती चुकून मयुरेशच्या उंटासमोर उघडा राहिला. मयुरेश पूर्ण तासिकेएवढा वेळ त्या हत्तीकडे बघत बसला. शेवटी अंशुललाच दया आली. "ले लो नी भिया, मैं तो भूल गया था।" एवढं ऐकल्यावर तर मयुरेशची खात्रीच पटली. त्याने उंट मागे घेतला. पुढच्या काही खेळ्यांत त्याच हत्तीने त्याला मात दिली.

"भिया, तुम सोच बहोत रिये हो," अंशुल म्हणाला आणि चमचा चाटला.

अट

चिऊला बुद्धिबळ शिकवायचं ठरलं तेव्हा मयुरेशने तिलाही ग्रँडमास्टरांच्याच डावांवर बसवलं. पहिला धडा: मारायचं नाही. समोरच्याने सोंगटी का ठेवली याचा आधी विचार करायचा. चिऊ विचार करायची. विचार करता करता झोपायची. तिचं शिक्षण इंग्रजी शाळेत, बोलणं गल्लीतलं, आणि मराठी घरापुरतं. ती बोट दाखवून विचारायची, "बाबा, ये मारूँ?" मयुरेश मान हलवायचा. शेवटी तिने देवासला आजोबांना फोन लावला आणि हळू आवाजात तक्रार केली, "आजोबा, मैं कब मारूँगी?"

झालं. आजोबांनी निरोप धाडला: सुट्टीत पोरीला इकडे पाठवा, मी शिकवतो.

मयुरेशला हे लागलं. पोर आपली, पट आपला, डाव आपल्याला पाठ, आणि शिकवणार सासरा? त्याने अनन्याला, म्हणजे बायकोला, साफ सांगितलं की चिऊ कुठेही जाणार नाही. अनन्या पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही.

"अरे, भैयासाहेबांना एकदा तरी हरवलंयस का तू? लग्नापासून बघत्ये. एकदा हरवून दाखव, मग चिऊ तुझी. नाहीतर सुट्टीभर ती देवासला, आणि पुढेही ते सांगतील तसं."

मयुरेशने अट मान्य केली. एक डाव. तो जिंकला तर चिऊचा गुरू तो, हरला तर सासरा. त्या रात्रीपासून ग्रँडमास्टरांचे डाव रोज एकाचे दोन झाले.

समोरची बाजू

भैयासाहेब म्हणजे अनन्याचे वडील. खरं नाव जयसिंगराव, पण त्यांची मुलगीसुद्धा त्यांना भैयासाहेबच म्हणते. घराणं देवासच्या थोरल्या पातीतलं. एकाच गावात एके काळी दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन्ही राज्यं गेली, पण भैयासाहेब अजून रस्त्याच्या आपल्याच बाजूने चालतात आणि समोरच्या बाजूचा शिंपी कितीही चांगला असला तरी कपडे इकडेच शिवतात.

नोकरी त्यांनी नोटांच्या छापखान्यात केली. काम एकच: कागद डोळ्यांखालून घालायचा, रेघ जरा हलली, रंग जरा फाकला, की तो बाजूला. असा माणूस बुद्धिबळ कसा खेळेल? तसाच खेळायचा. ग्रँडमास्टर वगैरे त्याला ठाऊक नव्हते. समोरच्याची चूक दिसली की उचलायची, एवढंच.

त्यात यंदा ज्येष्ठ अधिक आला. धोंड्याचा महिना. जावयाला बोलवायचं, पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, ताटातून अनारशांचं वाण द्यायचं. हे सगळं अक्कांनी, म्हणजे सासूबाईंनी, पंचांग बघून ठरवलं, आणि मयुरेशने त्याच दिवशी डाव ठेवला. तेव्हा अक्कांनी नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

विष्णूला पाटावर बसवून पूजायचं आणि उठल्यावर त्याला मात द्यायची, हे त्यांच्या हिशोबात बसेना. "यंदा हरायचं," त्या म्हणाल्या.

भैयासाहेब गोंधळले. आयुष्यभर चुका पकडलेल्या, केलेली एकही आठवेना. "हरायचं कसं पण?"

"इतकी वर्षं जावईबापू हरतायत तुमच्यासमोर. बघून काही शिकला नाहीत?"

मयुरेशला यातलं काही माहीत नव्हतं. अनन्याला होतं. अक्कांनी तिला फोनवर सांगितलं होतं, आणि ती गप्प राहिली होती. तिचा सरळ हिशोब: नवरा जिंकेल, खूश होईल, मग चिऊला आपणच देवासला पाठवू.

डाव, दोन्ही बाजूंच्या टिपांसह

पूजा झाली. जावयाला म्हणून पांढऱ्या सोंगट्या देण्यात आल्या. माहेरी आली की अनन्या मयुरेशला अहो म्हणते, त्याप्रमाणे ती "अहो, अंगरखा सांभाळा" म्हणाली, कारण त्याच्या खांद्यावर अजून हळदीकुंकवाची शिंपण होती. दिवाणखान्यात पंखा, पंख्याखाली पट. चिऊ बाहेर झोक्यावर. अक्का दारात उभ्या, पदराला हात पुसत, नजर नवऱ्यावर.

*खेळी १ ते ३.* पुस्तकात असतात तशा. टिपण्यासारखं काही नाही.

*खेळी ४.* भैयासाहेबांनी घोडा उचलला आणि मयुरेशच्या प्याद्यासमोर तिरका ठेवला. प्याद्याने नुसतं मान वळवली तरी घोडा गेला.

मयुरेशची टीप: खोल आहे. प्यादं हललं की मधली रांग मोकळी होते, आणि मग काय काय होईल सांगता येत नाही. असा एक डाव पाठ आहे, त्यात घोडा घेणारा रडला होता.

वस्तुस्थिती: घोडा फुकट होता.

मयुरेशने हत्तीपुढचं प्यादं एक घर सरकवलं. भैयासाहेबांनी अक्कांकडे बघितलं. अक्कांनी भुवया वर केल्या, म्हणजे अजून जोर लावा.

*खेळी ७.* काळा उंट पांढऱ्या घोड्याच्या टापेखाली.

मयुरेशची टीप: दुहेरी बलिदान. उंट आणि घोडा दोन्ही एकदम टांगणीला लावणं हे शांत डोक्याच्या माणसाचं काम. समोर कोण बसलंय हे आपण इतकी वर्षं ओळखलंच नाही.

वस्तुस्थिती: भैयासाहेबांच्या कपाळाला घाम फुटला होता.

*खेळी १०.* किल्लेकोट करून राजाला हत्तीच्या आड लपवायचं सोडून भैयासाहेबांनी तो एकटाच पुढे काढला. संध्याकाळी टेकडीकडे फिरायला निघावं तसा.

मयुरेशची टीप: बापरे. राजाने स्वतः चालत जाऊन मात द्यायला मदत केल्याचा एक डाव आहे. जगात क्वचित होतो. माझ्याशी होतोय.

वस्तुस्थिती: अक्कांनी दारातून दोन बोटं चालवून दाखवली होती, म्हणजे राजाला बाहेर काढा. बुद्धिबळ त्यांना येत नव्हतं, पण राजा बाहेर आला की मरतो एवढं त्यांना इतिहासावरून माहीत होतं.

*खेळी १३.* वजीर. अख्खा. मयुरेशच्या हत्तीसमोर सरळ रेषेत, मध्ये माशीसुद्धा नाही.

इथे डाव बराच वेळ थांबला. मयुरेशला तहान लागली. त्याने पाणी मागितलं, प्यायलं. त्याला वजीर दिसत होता. चिऊही दिसत होती, खिडकीतून, झोक्यावर उभी राहून जोरजोरात झोके घेताना. हत्ती उचलून पुढे ठेवायचा, वजीर उचलून बाजूला, की पोर आपली. बोटं हत्तीपर्यंत गेलीसुद्धा. मग त्याला त्या सगळ्यांचे चेहरे आठवले ज्यांनी वजीर घेतले होते. मोबाइलवरचा निवेदक अशा वेळी आवाज खाली आणायचा आणि म्हणायचा, आणि इथे पांढरा मोहाला बळी पडला.

हत्ती मागे. कोपऱ्यात.

"घ्या की," भैयासाहेब न राहवून म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांनी पटावर कुणाला सल्ला दिला नव्हता. "वजीर उघडा आहे, जावईबापू."

"कळतंय मला, भैयासाहेब," मयुरेश हसून म्हणाला. असं हसायचं असतं हेही त्याने बघून ठेवलं होतं.

*खेळी १४ ते २५.* भैयासाहेब देत गेले आणि मयुरेश नाकारत गेला. दर नकाराला मयुरेशची एकेक सोंगटी मागे सरकली, शेवटी एक घोडा सोडला तर सगळी फौज पहिल्या दोन रांगांत मंगल कार्यालयातल्या चपलांसारखी एकमेकांना चिकटून बसली, आणि मधोमध त्याचा राजा, एक तिरकी रेघ सोडून चारी बाजूंनी आपल्याच माणसांत गाडलेला. भैयासाहेबांचा राजा पटाच्या मध्यावर उभा. त्यालाही त्यांनी हरण्याच्या घाईत आपल्याच प्याद्यांनी घेरून टाकलं होतं. तो पळून वाचला तर पंचाईत, म्हणून.

अक्का स्वयंपाकघरात निघून गेल्या. भांड्यांचे आवाज मोठे यायला लागले.

*खेळी २६.* मयुरेशला अखेर एक सुरक्षित खेळी सापडली. बाहेर उरलेल्या त्याच्या एकुलत्या घोड्याने काळ्या राजाला शह दिला.

भैयासाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी राजा हलवायला हात घातला. घर नव्हतं. दुसरीकडे बघितलं. तिथेही आपलंच प्यादं. घोड्याचा शह मध्ये काही घालून अडवता येत नाही, हे त्यांनीच अनन्याला लहानपणी शिकवलेलं. घोडा मारणारी सोंगटी सगळ्या पटावर एकच होती. वजीर. तोच, मघापासून गिऱ्हाईक शोधत फिरणारा. आणि वजिराने घोडा मारला की त्याची नजर त्याच तिरक्या रेघेतून थेट मयुरेशच्या राजावर, ज्याला हलायला आपल्याच माणसांनी जागा ठेवली नव्हती.

कायद्याने एकच खेळी शिल्लक होती, आणि ती मात होती.

भैयासाहेबांनी पुन्हा सगळा पट बघितला. सदोष कागद चांगल्या गठ्ठ्यात गेला असावा आणि गाडी फाटकाबाहेर पडावी, तसा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी हात मांडीवर घेतले.

"मी डाव सोडतो," ते म्हणाले. "जिंकलात तुम्ही."

अनन्याने सुटकेचा श्वास सोडला. स्वयंपाकघरातली भांडी गप्प झाली. एवढं ऐकून मयुरेशने हात जोडायचे होते आणि अनारसे खायला बसायचं होतं. चिऊ त्याची झाली होती.

पण त्याचे डोळे पटावर होते, आणि आता त्याला ती खेळी दिसली होती. त्याच्या अंगावर काटा आला. सव्वीस खेळ्या या माणसाने आपल्याला एकेक पाऊल मागे ढकलत आणलं, स्वतःचा राजा आमिष म्हणून मध्यात उभा केला, आपल्याकडून शह देववला, आणि आता मात समोर असताना अधिक महिना आहे म्हणून मोठ्या मनाने डाव सोडतोय. असा डाव असा संपणं त्याला बघवेना.

"नाही भैयासाहेब," तो म्हणाला. "हे पाप मला नको."

आणि त्याने सासऱ्याचा वजीर स्वतःच्या हाताने उचलला, स्वतःचा घोडा स्वतःच मारला, आणि स्वतःच्या राजाला मात दिली.

डावानंतर

अक्का बाहेर आल्या तेव्हा विष्णू पटाजवळ वाकून सासऱ्याच्या पाया पडत होता. त्यांनी पट बघितला, नवऱ्याकडे बघितलं, आणि अनन्याकडून निकाल ऐकला. अधिक महिन्यात जावयाला मात दिली याचा उतारा काय असतो, हे विचारायला त्यांनी गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी असा प्रसंग पाहिला नव्हता. विचार करून त्यांनी हाटपिपल्याला जाऊन नृसिंहाचं दर्शन घ्यायला सांगितलं, दोघांनीही, आणि तिथे पट काढू नये असंही.

भैयासाहेबांना मात्र गप्प राहवेना. ते मयुरेशला व्हरांड्यात घेऊन गेले, दार ओढून घेतलं आणि खरं काय ते सांगून टाकलं.

"मी हरत होतो, जावईबापू. मुद्दाम. घोडा फुकट होता. उंट फुकट होता. वजीर तर मी हातात आणून देत होतो तुमच्या. अक्कांना विचारा."

मयुरेशने आदराने सगळं ऐकून घेतलं. मोठे खेळाडू डावानंतर असंच बोलतात, हे त्याला माहीत होतं. अमुक खेळी कशी सुचली म्हणून विचारलं तर म्हणतात, सुचली बुवा, नशीब. खरं सांगणारा त्याने अजून पाहिला नव्हता.

"तेराव्या खेळीबद्दल एकच विचारू का?" तो म्हणाला. "मी वजीर घेतला असता, तर तुम्ही काय करणार होतात?"

"हरणार होतो."

"कळलं," मयुरेश म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतकी भक्ती होती की भैयासाहेबांनी पुढे बोलायचं सोडून दिलं.

मग मयुरेशने झोक्याकडे बघितलं. चिऊ आता बसून झोके घेत होती, तोंडात अनारसा.  पुढचं बोलणं त्याला जड गेलं, कारण अट मान्य करताना आपण हरू असं त्याने धरलं नव्हतं, आणि हरलो तर इतकं पटून हरू असं तर मुळीच नव्हतं. "चिऊला तुमच्याकडेच ठेवतो," तो म्हणाला. "तिला हे शिकवा. माझ्याकडे नुसतं पाठांतर आहे."

सासऱ्याला हो म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

परतीच्या बसमध्ये अनन्याने इंदूरपर्यंत अनारशांची पिशवी मांडीवर धरली. इंदूरला बस बदलताना तिने पिशवी त्याच्या हातात दिली आणि तिला जे माहीत होतं ते तिनेही सांगितलं. अक्कांचा फोन, आपला हिशोब, सगळं. मयुरेशने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. माहेरची माणसं भैयासाहेबांना इतकी वर्षं ओळखूच शकली नाहीत, याचं त्याला वाईट वाटलं.

आता तिरल्याच्या शाळेत मधल्या सुट्टीत तो तोच डाव मांडून दाखवतो. सव्वीसच्या सव्वीस खेळ्या, न चुकता, टिपांसह. अंशुल पोहे खाता खाता बघतो. तेराव्या खेळीला त्याने पहिल्यांदा विचारलं होतं, "वजीर लिया क्यों नी भिया?" तेव्हा मयुरेशने त्याच्याकडे असं बघितलं की तो परत कधी विचारायला गेला नाही.

परवा देवासहून चिऊचा फोन आला होता. तिने आजोबांचा हत्ती मारला होता.

"उघडा होता का गं?" मयुरेशने विचारलं.

"हो. एकदम खुल्ला."

"मग?"

"मग क्या, मारा. फिर मैं जीत गई।"

मयुरेशने फोन ठेवला. पोर फसली बिचारी, तो अनन्याला म्हणाला, पण हरकत नाही. पुढेमागे कळेल तिला.

या सगळ्याच्या आधी, गुढीपाडव्याला, देवासला जो डाव झाला आणि ज्यात मयुरेश हरला, त्या वेळी भैयासाहेबांच्या दोन्ही डोळ्यांत अजून न काढलेला मोतीबिंदू होता, आणि उंट कोणता नि प्यादं कोणतं हे ते बोटांनी चाचपून ओळखत होते.